आप्पा, मेन बंद करा

ही गोष्ट मी पुण्यात निदान दहा-बारा वेळा सांगितली असेल. ऑफिसात कुणी नव्यानं लागलेल्यानं सर्व्हरवर काहीतरी जबरदस्तीनं टाकलं आणि सगळं बंद पडलं, की दुपारच्या डब्याला मी सुरू करायचो, "आमच्या कारखान्यावर एकदा असंच झालं होतं." लोक हसायचे. शेवटी एक म्हातारा माणूस माझी चूक पोटात घालतो आणि मला वाचवतो, हे ऐकून एखाद-दुसरा हळवाही व्हायचा. मलाही त्या वेळी छान वाटायचं, खोटं कशाला बोलू. पुढं कळलं की गोष्टीचा तो शेवट माझ्या सोयीचा होता आणि साफ खोटा होता. तेव्हापासून ती सांगायची बंद केली. आता लिहितोय ते जसं झालं तसं.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवर, भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात, एक साखर कारखाना होता. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक कारखान्याची नव्हती, माझी होती. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कम्प्युटरचा डिप्लोमा करून तिथं हंगामी ऑपरेटर म्हणून लागलो होतो. हंगामी म्हणजे गाळप सुरू झालं की बोलवायचं आणि चिमणीचा धूर बंद झाला की घरी पाठवायचं. कम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती. चेअरमनसुद्धा काढायचे. त्या खोलीत मी दिवसभर अनवाणी बसायचो आणि बाहेरच्या चपलांचा ढीग बघून स्वतःला कुणीतरी मोठा समजायचो.

माझ्या घरात तोवर कुणी खुर्चीवर बसून पगार घेतला नव्हता. आजा मेंढरांमागं हिंडला, बापानं निम्मं आयुष्य हिंडून मग न्हावऱ्याकडं दोन एकर धरली. उन्हाळ्यात आमची मेंढरं शेतकऱ्यांच्या रानात बसायची. रात्रभर मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. ज्यांच्या रानात ती वर्षानुवर्षं बसली त्यांतले एक म्हणजे आप्पा. आप्पांची शेती दौंडच्या बाजूला नदीकाठी होती आणि ते कारखान्यात काटा कारकून होते. मला नोकरी लागली तीही आप्पांनी ऑफिसात जाऊन "पोरगं आपलं हाय, हुशार हाय" असं सांगितलं म्हणून.

काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलायचा वजनकाटा. भरली गाडी फळीवर चढायची, तिचं वजन व्हायचं, ऊस उतरवून रिकामी गाडी परत यायची, तिचं वजन व्हायचं, आणि मधला फरक तो शेतकऱ्याचा ऊस. आख्खं वर्ष रानात राबून जे पिकवलं ते इथं आकडा होऊन कागदावर यायचं. म्हणून आमच्या भागात माणूस एक वेळ देवळातल्या पुजाऱ्यावर विश्वास ठेवील, काट्यावर ठेवणार नाही. 'काटा मारतात' हे वाक्य प्रत्येक कारखान्याच्या गाडीतळावर रोज कुणीतरी म्हणत असतं.

आप्पांच्या काट्यावर मात्र ते कुणी म्हणत नसे. आप्पांची एक रीत होती. आकडा दिसला की ते लगेच लिहीत नसत. आधी खिडकीतून मोठ्यानं सांगत, "दोन टन एकशे साठ. ऐकलं का वो?" गाडीवान "व्हय" म्हणाला की मगच बटण दाबायचे. गाडीवान झोपेत असला तर त्याला उठवून व्हय म्हणायला लावायचे. बीड-नगरकडून आलेले ऊसतोडवाले पहिल्या दिवशी हसायचे, चौथ्या दिवशी स्वतःहून ओरडायचे. बावीस हंगाम त्यांनी असे काढले होते. लोखंडी दांड्याचा काटा होता तेव्हाही, आणि आकडे लाल दिव्यांत दिसायला लागल्यावरही.

कम्प्युटर आदल्या वर्षी आला. आला तोच मुळी संशय नको म्हणून. वजन थेट तारेतून कम्प्युटरमध्ये जाणार, पावती मशीनमधून निघणार, माणसाचा हात लागणार नाही. मुख्य मशीन माझ्या खोलीत आणि काट्यावर नुसता पडदा, कीबोर्ड आणि प्रिंटर. माझी खोली काट्याच्या खोलीला मागून जोडलेली होती, त्यामुळं लाइनही तिथूनच आली होती. यूपीएस आणि त्यातून मशीनकडं जाणारी लाइन तोडणारा लाल दांड्याचा मेन स्विच आप्पांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर होता.

हे सगळं बसवणारा इंजिनिअर पुण्याचा. त्यानं मशीनवर लिनक्स टाकलं होतं. हा माणूस बोलायला कमी आणि कागद चिकटवायला फार. माझ्या मशीनवर त्यानं एक कागद चिकटवला होता: हंगाम चालू असताना काही नवीन टाकू नये, टाकायचंच झालं तर आधी फोन करावा, जे टाकाल ते वहीत लिहावं. आणि दोऱ्यानं बांधलेली एक वही. आप्पांना त्यानं तोंडीच सांगितलं होतं, "काका, त्या लाल दांड्याला हात लावायचा नाही. चालू मशीनची लाइन गेली तर आतलं सगळं जाऊ शकतं." आप्पांनी त्या दांड्यावर त्याच दिवशी फडकं बांधून टाकलं.

जानेवारीत चेअरमन कुठल्याशा दुसऱ्या कारखान्यावर जाऊन आले आणि तिथली पावती मराठीत बघून आले. "आपल्या शेतकऱ्याला इंग्रजी पावती का म्हणून?" म्हणाले. प्रश्न बरोबर होता. ऑफिसातले साहेब म्हणाले, "हंगाम संपल्यावर पुण्याच्या माणसाकडून करून घेऊ." तिथं गप्प बसायचं सोडून मी म्हणालो, "साहेब, मी करतो की." साहेबांनी ते हसण्यावारी नेलं, मी मात्र मनावर घेतलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात ते हेच.

लिनक्सवर प्रोग्रॅम गाठोड्यात बांधून येतात, त्याला पॅकेज म्हणतात. प्रत्येक गाठोड्यावर एक चिठ्ठी असते: मला चालायला अमुक अमुक लागतं. ते मशीनवर नसेल तर गाठोडं आत यायला नकार देतं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला मराठी छापणारं पॅकेज सापडलं. मी ते टाकायला गेलो तर त्यानं तीन गोष्टी मागितल्या. दोन सीडीवर होत्या. तिसरीनं आणखी दोन मागितल्या.

त्या दोन आणायला मी एसटीनं शिरूरला गेलो. स्टँडजवळ एक इंटरनेट कॅफे होता, टेलिफोनच्या लाइनवर चालायचा. एक फाइल उतरवायला एवढा वेळ लागायचा की मधल्या वेळात मी मिसळ खाऊन यायचो. फाइल एका फ्लॉपीत मावत नसे, मग तिचे तुकडे करून चार फ्लॉप्यांत घ्यायचे. परत येऊन बघितलं तर तिसरी फ्लॉपी खराब. पुन्हा शिरूर. ते तुकडे जोडले, तर आता तिला तिच्या खालचं कायतरी पाहिजे. पंधरा दिवसांत माझ्या चार खेपा झाल्या आणि कॅफेवाला मला बघून न विचारता तेच टेबल द्यायला लागला.

हा खेळ मला ओळखीचा होता. डिप्लोमाला ॲडमिशन घेताना जातीचा दाखला पाहिजे होता. कचेरीत म्हणाले, आज्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. आज्यानं शाळा मेंढरं हाकताना बाहेरून बघितलेली. मग तलाठ्याचा दाखला आणा म्हणाले. तलाठी म्हणाला, राहत असल्याचा पुरावा आणा. आम्ही राहत नव्हतो, हिंडत होतो, त्याचा पुरावा कोण देणार? बापानं दोन महिने खेटे घातले. शेवटी कुणाची तरी ओळख निघाली आणि त्या ओळखीतल्या माणसानं कागदांचा गठ्ठा बाजूला सारून म्हटलं, "राहू द्या ते, चालवून घेऊ." दहा मिनिटांत दाखला हातात. त्या दिवशी मी जे शिकलो ते डोक्यात पक्कं बसलं. कागद मागणारा फक्त अडवायला बसलेला असतो, खरी गरज कशाचीच नसते, नेमका माणूस गाठला की झालं.

शेवटी एकच गोष्ट उरली. एक मूळ लायब्ररी, म्हणजे मशीनमधला प्रत्येक प्रोग्रॅम ज्याच्यावर उभा असतो ते जोतंच. मराठीच्या पॅकेजला त्याची नवी आवृत्ती हवी होती आणि मशीनवर जुनी होती. नवी टाकायला गेलो तर मशीननं दोन पडदे भरून यादी दाखवली: हे बिघडेल, ते बिघडेल, ह्याला जुनीच लागते, त्याला जुनीच लागते. ती यादी मी वाचली नाही. मला तिच्यात तो कचेरीतला कारकून दिसला. मासिकात मी वाचलं होतं की हुकमाच्या शेवटी दोन शब्द जोडता येतात. एकाचा अर्थ, कशाला काय लागतं ते बघू नकोस. दुसऱ्याचा अर्थ, जबरदस्तीनं टाक. मी दोन्ही जोडले. चालवून घेऊ.

सकाळचे अकरा वाजले असतील. बाहेर गाड्यांची रांग लागलेली. मशीननं कुरकुर न करता सगळं ऐकलं आणि मी खुर्चीत मागं रेलून हात वर करून आळस दिला. मग सहज फाइलींची यादी बघावी म्हणून दोन अक्षरं टाइप केली. उत्तर आलं, लागणारी लायब्ररी सापडत नाही. दुसरा हुकूम दिला. तेच उत्तर. आत्ता टाकलेलं काढून टाकावं म्हटलं, तर काढून टाकणारा प्रोग्रॅमही त्याच जोत्यावर उभा. मशीन बंद करायचा प्रोग्रॅमसुद्धा चालेना.

मधल्या दारातून आप्पांचा आवाज आला. "आरं, पावती न्हाई निघत. गाडी फळीवर उभी हाय."

"थांबा आप्पा."

माझ्या डोक्यात एकच आलं, बंद करून चालू केलं की होईल नीट. मी दारात गेलो आणि म्हणालो, "आप्पा, मेन बंद करा."

आप्पा वळून बघत राहिले. "पुण्याच्या सायबानं हात लावू नगा म्हणून सांगितलंय."

"मी सांगतोय ना. करा बंद."

त्यांनी दांड्याचं फडकं सोडलं, ते नीट घडी करून खिशात ठेवलं आणि दांडा खाली ओढला. यूपीएसनं एक शीळ घातली आणि सगळं गप्प झालं. दोन मिनिटांनी चालू केलं. मशीन अर्ध्यापर्यंत उठलं आणि तिथंच थांबलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केलं तरी तिथंच.

पुढचा अर्धा तास मी काय केलं ते सांगायला हवं. फ्लॉप्या आणि सीडी मी पिशवीत भरल्या, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून आलो आणि वहीचं कोरं पान तसंच उघडं ठेवलं. मशीन दुरुस्त करायच्या मागं लागण्याआधी मी हे केलं. आप्पांनी त्या वेळात कपाटातून जुनी कार्बनची पावती पुस्तकं काढली, लाल दिव्यांतला आकडा बघून खिडकीतून ओरडून सांगितला, व्हय घेतलं आणि हातानं पावती लिहिली. काटा त्यांनी तासभरसुद्धा थांबू दिला नाही.

पण लोकांना वर्षभरात कम्प्युटरच्या पावतीची सवय झाली होती आणि तिचं कारणही त्यांना पाठ होतं. हाताची पावती बघून एक जण म्हणाला, "ही नगं. मशीनची द्या." दुसरा म्हणाला, "मशीन बंद पडलं, का पाडलं?" आप्पांनी ऐकलं. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

साहेबांनी फोन करून बोलावलेला इंजिनिअर तिसऱ्या प्रहरी मोटरसायकलवर आला. काट्याच्या खोलीत साहेब, तो, आप्पा आणि मी. खिडकीला पाच-सहा गाडीवान आणि दोन शेतकरी. त्यानं आधी मला विचारलं, "काही नवीन टाकलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं वही बघितली. मग भिंतीकडं बघितलं. दांड्यावरचं फडकं नव्हतं. "मेन कुणी बंद केला?"

"मी केला," आप्पा म्हणाले. आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

ती नजर मी अजून विसरलो नाही. मला वाटलं, आता मी बोलावं म्हणून थांबलेत. 'मी सांगितलं होतं' एवढे तीन शब्द बोलायचे होते. कायम होण्याच्या यादीत माझं नाव होतं आणि यादी साहेबांच्या टेबलावर होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आप्पांनीही पुढं काही सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "बावीस वर्षं झाली तुम्हाला, एवढं कळू नये?" खिडकीतले लोक एकमेकांकडं बघायला लागले.

मशीन पहिल्यापासून उभं करायला दोन दिवस लागले. जुनी माहिती वेगळ्या भागात होती, ती शाबूत राहिली. आप्पांनी हातानं लिहिलेल्या सातशे-आठशे पावत्या मी एकेक करून मशीनमध्ये भरल्या. एकीतही खाडाखोड नव्हती. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलेलं एकही चुकलं नव्हतं. हे साहेबांना जाऊन सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं, त्यात माझं नावही आलं नसतं. तेही मी सांगितलं नाही. एकदा शेण खाल्लं की तोंड उघडायची भीती वाटते, वास येईल म्हणून. निघताना इंजिनिअरनं मोटरसायकलला किक मारण्याआधी माझ्याकडं न बघता म्हटलं, "पुढच्या वेळी वहीत लिहीत जा." त्याला कळलं होतं की काय, मला आजही ठरवता येत नाही.

आठवड्याभरात आप्पांना काट्यावरून काढून गाडीतळावर नंबरचे बिल्ले वाटायला लावलं. उन्हात, खुर्ची नाही. गाडीतळावर तर बोलणं उघडच चालायचं. म्हाताऱ्यानं मशीन पाडलं आणि दोन दिवस हातानं काटा मारला. जो माणूस झोपलेल्याला उठवून व्हय म्हणायला लावायचा, त्याच्याबद्दल. मी जेवायला जाताना गाडीतळाला वळसा घालून मागच्या बाजूनं जायला लागलो. एकदा समोरासमोर आलोच तर आप्पांनी विचारलं, "मशीन बरं चाललंय न्हवं?" मी मान हलवली.

हंगाम संपल्यावर मी कायम झालो. दोन हंगाम कायम राहिलो आणि मग पुण्यात नोकरी मिळाली. पुण्यात आल्यावर ही सगळी हकीकत मी मनाशी जरा घोळवली, मऊ केली आणि तिला एक चांगला शेवट लावला. आप्पांना सगळं माहीत होतं. 'मी केला' म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं ते 'तू गप्प बस, मी घेतो अंगावर' असं. आपल्या रानात ज्यांची मेंढरं बसली त्यांच्या पोराला त्या देवमाणसानं वाचवलं. हा शेवट मला इतका आवडला की मी तो सांगत सुटलो.

सहा-सात वर्षांनी दौंडला चुलतभावाचं लग्न होतं. तिथून आप्पांचं गाव जवळ, म्हणून पेढे घेऊन दुपारी त्यांच्याकडं गेलो. आभार मानावेत, इतकंच मनात होतं. माफी मागायला गेलो होतो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी आभार मानायलाच गेलो होतो.

आप्पा पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते. वाळले होते. मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं, बापाची चौकशी केली. उकडत होतं. पंख्याचं बटण त्यांच्या उशाशीच भिंतीवर होतं, हात लांबवला असता तर पोचलं असतं. त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, पंखा लाव."

सून पिठाच्या हातानं बाहेर आली आणि कोपरानं बटण दाबलं. मला म्हणाली, "आप्पा बटणाला हात लावत न्हाईत. कारखान्यातलं मशीन जाळलं म्हणं त्यांनी एकदा, तवापासनं. आम्ही रानात असलो तर आंधारात बसून राहत्यात." ती हसत आत गेली. आप्पाही थोडं हसले.

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच होता. मी म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुझं?" त्यांना खरंच कळलं नाही. "तुझं काय त्यात?"

"मी सांगितलं होतं ना, मेन बंद करा म्हणून."

"सांगितलं व्हतंस. पर हात लावू नगा असं त्या सायबानं मला सांगितलं व्हतं, तुला न्हाई. मी कुणाचं ऐकायचं ते माझं मला कळाय पायजे व्हतं. हात माझा व्हता." मग म्हणाले, "लोक म्हणत्यात काटा मारला. ते मी केलं न्हाई, ते माझं मला ठावं हाय. पर मशीन माझ्या हातनं गेलं. त्याचं वाईट वाटतं. येवढं इश्वासानं दिलं व्हतं."

"मग तुम्ही माझ्याकडं बघितलं कशाला तेव्हा?"

"तुझी नोकरी नवी. माझ्यापायी तुझी जाती का काय, म्हणून बघितलं."

मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांत मी या माणसाला माझ्या गोष्टीत देव करून ठेवला होता, आणि तो इथं खाटेवर बसून माझं पाप स्वतःचं समजून जगत होता. त्याला माफ करायला काही माहीतच नव्हतं. मला लाज वाटली असं म्हणणं कमी आहे. माझी मला किळस आली.

मग मी सांगितलं. गाठोडी, चिठ्ठ्या, शिरूरच्या खेपा, फ्लॉप्या, दोन पडद्यांची न वाचलेली यादी, ते दोन शब्द, सायकलला अडकवलेली पिशवी. सगळं त्यांना कळेल असं सांगितलं. "तुम्ही दांडा ओढायच्या आधीच मशीन गेलं होतं, आप्पा. म्हणून तर पावती निघत नव्हती. तुम्ही नुसतं मेलेल्याचं दार लावलंत. मारलं मी."

ते ऐकत होते. मधे एकदाच विचारलं, "म्हंजी फळीवर गाडी उभी व्हती, तवाच गेलेलं?"

"हो."

"आन् त्यानं इच्यारलं तवा तू न्हाई म्हणालास."

"हो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "हे गाडीतळावर चार माणसांत बोलायचं व्हतं, लेका. आता मला एकट्याला सांगून काय करू? त्यातली निम्मी माणसं मेली. मला चोर म्हणतच मेली."

चहा आला, तो आम्ही प्यायलो. त्यांनी पेढ्याचा पुडा सुनेकडं दिला आणि देवापुढं ठेवायला सांगितला. बापाला सांगावा दिला की एकदा येऊन जा म्हणावं. बोलता बोलता दिवेलागण झाली आणि खोलीत अंधार यायला लागला.

मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होतो. मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं होतं, त्यांना पटलंही होतं. बटण वीतभर लांब होतं. त्यांनी हात उचलला, गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं आणि तो परत मांडीवर ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "लाइट लाव गं."